उडवलेले नर, बसवलेले नर

असोद्याच्या त्या शेतात मी पहिल्यांदा गेले ते ऑक्टोबरच्या शेवटी. कपाशीची बोंडं फुटायला लागली होती. पाठीवरच्या सॅकमध्ये जाळीची झाकणं लावलेल्या सहा प्लास्टिकच्या बरण्या आणि एक मऊ ब्रश होता. जळगावच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि मला लाल ढेकण्या हव्या होत्या. ज्यांनी कपाशी पाहिली आहे त्यांना हा किडा सांगावा लागत नाही. लाल अंग, पाठीवर दोन काळे ठिपके, पोटाखाली पांढरे पट्टे. फुटलेल्या बोंडात घुसून सरकीचा रस शोषतो आणि रुईवर पिवळे डाग पाडतो.

शेत एका अक्कांचं होतं. साठीच्या पुढच्या, काटक, डोक्यावर पदर आणि पदरावर टॉवेल. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन भुसावळकडे. दोन एकर कपाशी त्या स्वतः बघायच्या. मी बांधावर उभी राहून परवानगी मागितली तर त्यांनी आधी माझ्या बरण्यांकडे पाहिलं.

"सरकारी मानूस हाये का तू? औषध सांगाले आली?"

"नाही अक्का. औषध नाही. मला हे किडे पाहिजेत. जिवंत."

"काय करशीन?"

"पाळणार."

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं, बहुतेक हसू लपवायला. "मंग सगळेच घिऊन जाय ना माय. एक बी ठिऊ नको."

मी दुपारपर्यंत सहा बरण्या भरल्या. जोडीत असलेल्या ढेकण्या पकडायला सोप्या असतात. नर आणि मादी शेपटीला शेपूट जोडून असतात, तोंडं विरुद्ध दिशांना. मादी मोठी असते. ती पुढे चालते आणि नर उलट्या पावली तिच्यामागे ओढला जातो. असं ते दोन-दोन दिवसही राहतात. अक्का हे कितीतरी वर्षं बघत आल्या होत्या. "बाईच ओढते," एवढंच त्या म्हणाल्या आणि वेचणीला लागल्या.

माझा प्रश्न या जोड्यांचाच होता. किड्याच्या अंगात जे काही असतं ते मोजकं असतं. त्यातूनच उडण्याचे स्नायू पोसायचे, त्यातूनच अंडी किंवा बीज तयार करायचं. लाल ढेकण्यांच्या मादीत ही वाटणी डोळ्यांना दिसते. नुकती मोठी झालेली मादी उडू शकते. तिला खायला मिळालं, नर मिळाला, की तिचे उडण्याचे स्नायू विरघळायला लागतात आणि पोटात अंडी भरत जातात. पंख तसेच राहतात, पण ती पुन्हा उडत नाही. हे आधीपासून माहीत असलेलं होतं. मी ते स्वतः कापून पाहिलं होतं. एका मादीच्या छातीत पिवळट स्नायू गच्च भरलेले, आणि अंडी घालणाऱ्या दुसरीची छाती जवळजवळ पोकळ.

नराचं चित्र इतकं स्पष्ट नव्हतं. नर या शेतातून त्या शेतात जातो, मादी शोधतो. मग हे उडणं त्याला जोडी लागण्याच्या वेळी नडतं का? माझ्या मार्गदर्शक सरांनी पहिल्याच भेटीत हा प्रश्न कागदावर लिहून दिला होता. सर कमी बोलायचे. कागद देताना म्हणाले, "सोपा वाटेल. सोपा नाहीये."

मला तो सोपाच वाटला. काही नर उडवायचे, काही उडवायचे नाहीत. दोघांनाही अजून जोडी न लागलेल्या माद्यांसोबत ठेवायचं आणि कोणाची जोडी आधी लागते ते लिहायचं.

अडचण होती ती किड्याला प्रयोगशाळेत उडवण्याची. खोलीत सोडला की तो ट्यूबलाइटवर जाऊन बसायचा, मग मी टेबलावर चढायचे. बाहेरच्या प्रयोगशाळांमध्ये यासाठी एक यंत्र वापरतात. मध्ये खुंटी, तिच्यावर फिरणारी हलकी काडी आणि काडीच्या टोकाला चिकटवलेला किडा. तो उडत राहतो आणि गोल फिरत राहतो. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. आमच्याकडे नाना होते.

नाना प्रयोगशाळेचे परिचर होते. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. सगळ्या विभागात काचसामान न फोडणारा एवढा एकच माणूस. मी त्यांना यंत्राचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र डोळ्यांजवळ आणलं आणि विचारलं, "ताई, ह्याच्यात घासायला नको ना कुठं?"

"अजिबात नको. घासलं तर किडा दमेल."

चार दिवसांनी ते घेऊन आले. जुन्या स्पीकरमधले दोन लोहचुंबक, त्यांच्यामध्ये उभी राहिलेली सुई, सुईवर आडवी फुलझाडूची काडी. वरच्या चुंबकाला सुई लटकलेली होती, खाली टेकत नव्हती. नानांनी फुंकर मारली आणि काडी इतका वेळ फिरत राहिली की मी घड्याळ लावून बघायला लागले. नाना तिला चक्री म्हणाले, आणि प्रबंधात इंग्रजी नाव लिहिलं तरी आमच्या विभागात ती चक्रीच राहिली.

नराच्या पाठीवर पटकन वाळणाऱ्या गोंदाचा कणभर थेंब लावायचा आणि काडीच्या टोकाला तो टेकवायचा. पायाखालची जमीन सुटली की लाल ढेकण्या आपोआप पंख उघडतात. नाही उघडले तर हलकी फुंकर. तासभर उडवायचं, फेऱ्या मोबाइलवर चित्रित करायच्या, मग ओल्या ब्रशने सोडवून मादीच्या डब्यात ठेवायचं. डबे श्रीखंडाचे होते. लग्नसराईत नानांनी कुठूनतरी पिशवीभर आणून दिले होते आणि पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक डब्याला वेलचीचा वास यायचा. मी ते गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतले. न उडवलेले नर मी पाळणघराच्या, म्हणजे किडे वाढवायच्या कोपऱ्यातल्या, बरणीतून काढून थेट डब्यात टाकायचे. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाला सगळे डबे बघायचे. जोडी लागली की वेळ लिहायची.

त्या हिवाळ्यात मला जे दिसलं ते इतकं साफ होतं की मी वहीची पानं उलटून पुन्हा पुन्हा बघायचे. न उडवलेले नर डब्यात पडल्या पडल्या मादीच्या मागे लागायचे. दुपारपर्यंत बहुतेक जोड्या लागलेल्या असायच्या. उडवलेले नर कोपऱ्यात बसायचे. मादीवर चढले तरी ती मागच्या पायांनी त्यांना झटकायची. संध्याकाळी सहाला त्यांच्यातले बरेचसे एकटेच असायचे.

सरांना आकडे दाखवले. ते कागदावरून नजर न काढता म्हणाले, "फेब्रुवारीत धुळ्याला परिषद आहे. नाव दे."

याच काळात घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. माझं गाव शिंदखेड्याच्या बाजूला. वडील शेती करायचे. पाहुण्यांसमोर मुलगी काय शिकते हे सांगायची वेळ आली की ते नुसतं "किडाज्", किडेच, एवढं म्हणून थांबायचे. एकदा धुळ्याहून आलेल्या एका बाईंनी खोलात जाऊन विचारलं, मी खोलात जाऊन सांगितलं, आणि चहा लवकर संपला. मैत्रिणी, नातेवाईक, विभागातले लोक, सगळ्यांना या विषयात माझंच काहीतरी दिसायचं. फिरणाऱ्याला जोडीदार मिळत नाही म्हणजे बघ, असं हसत म्हणायचे. मला ते आवडायचं नाही. लग्न पुढे झालं, त्याचा या किड्यांशी काही संबंध नाही.

परिषदेला आठ-दहा दिवस राहिले असताना असोद्याच्या अक्का विभागात आल्या. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि तपासणीसाठी त्या जळगावला आल्या होत्या. मी कधीतरी "या बघायला" म्हटलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवलं होतं. नाना त्यांना वर घेऊन आले. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. मी नको म्हटलं तरी काढल्या.

मी त्यांना पाळणघर दाखवलं. भिजवलेल्या सरकीवर चढलेली लाल पिल्लं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "सरकी खिलाडतं यांना? माह्या शेतात फुकट खात होते." मग त्या डब्यांच्या रांगेपाशी आल्या. त्या दिवशीचे डबे मांडलेले होते, डाव्या हाताला उडवलेले, उजव्या हाताला न उडवलेले. त्या वाकून एकेका डब्यात बघू लागल्या.

"आता मले लई साफ दिसते," त्या म्हणाल्या. "याच्या पाठीवर काय हाये हे? चमकते."

"गोंद आहे. चक्रीला चिकटवायला लावावा लागतो."

त्या उजवीकडच्या डब्यांकडे गेल्या. एक, दोन, तीन डबे बघितले. "याइच्या पाठीवर नाही."

"त्यांना उडवलेलं नाही अक्का."

"ते समजलं. पन डिंक काबरं नाही लावला?" आणि मग, मी काही बोलायच्या आत, "वास येते ना त्याचा. माह्या नाकाले येऊन राहिला. तिले येनार नाही का?"

अक्का पुढे चहा पिऊन, नानांशी केळीच्या खोडव्याबद्दल बोलून दुपारच्या बसने गेल्या. मी स्टुलावर बसले होते. जे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं, जे मी स्वतः प्रात्यक्षिकाच्या तासाला मुलांना सांगायचे, तेच मी केलं नव्हतं. दोन गटांमध्ये फरक एकच असायला हवा. माझ्या दोन गटांमध्ये उडण्याचा फरक होता, गोंदाचा होता, तासभर लटकत राहण्याचा होता आणि माझ्या ब्रशचाही होता. उडण्यामुळे काय झालं हे माझी वही सांगतच नव्हती.

त्या दिवशी मी कोणालाही काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. उलट, परिषदेच्या सादरीकरणात एक फोटो होता, उडवलेल्या नराचा, वरून काढलेला, आणि त्याच्या पाठीवर गोंदाचा चमकता ठिपका स्पष्ट दिसत होता. मी तो फोटो काढून टाकला आणि बाजूने काढलेला दुसरा लावला. कॉम्प्युटरसमोर बसून, शांतपणे. रंग चांगला दिसतो म्हणून बदलला, असं मी स्वतःला सांगितल्याचं मला नीट आठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाना टेबल पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "ताई, त्या बाईंनी काय विचारलं होतं, त्याचं काय केलं?"

"काही नाही."

"करून बघायचं का? गोंद लावून नुसते ठेवू. चक्रीला नको."

त्यांच्या बोलण्यात काही टोचणं नव्हतं. त्यांना खरंच बघायचं होतं. मी हो म्हटलं. आम्ही दहा नर घेतले, पाठीवर गोंद लावला, वाळू दिला आणि उडवल्याशिवाय माद्यांच्या डब्यात सोडले. दिवसभर मी दर अर्ध्या तासाने उठत होते. अकराला काही नाही. एकला काही नाही. मादी जवळ यायची, मिशा लावायची आणि वळायची. संध्याकाळपर्यंत दोन जोड्या लागल्या. बाकीचे आठ कोपऱ्यात बसले होते, अगदी माझ्या उडवलेल्या नरांसारखे.

नाना निघताना दारात थांबले. "म्हणजे गोंदच," ते म्हणाले.

"गोंदच."

मी सरांकडे गेले तेव्हा ते उत्तरपत्रिका तपासत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. अक्कांचं, नानांचं, फोटोचंही. फोटोचं सांगितलं नसतं तरी त्यांना कळलं नसतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"माझ्याही लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले. "कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे. तुझं नाव आहे."

"मी काय करू सर?"

"पंधरा मिनिटं तुझी आहेत. त्यात काय बोलायचं ते तू ठरव. मी पुढच्या रांगेत बसणार आहे, त्याची काळजी करू नको."

मी तेव्हा त्यांच्यावर रागावले. त्यांनी जा किंवा जाऊ नको असं काहीतरी सांगायला हवं होतं असं मला वाटलं. आज मी स्वतः मुलांना मार्गदर्शन करते आणि अशा वेळी काय म्हणावं ते मलाही पटकन सुचत नाही.

धुळ्याला परिषदेच्या दिवशी आई आली. तिला मी बोलावलं नव्हतं. शिंदखेड्याहून धुळं जवळ, त्यात मुलगी स्टेजवर बोलणार, म्हणून ती सकाळच्या गाडीने एकटीच आली होती. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीने तिलाही एक फाइल आणि पेन दिलं. ती ते छातीशी धरून शेवटच्या रांगेत बसली.

माझा क्रमांक जेवणाच्या सुट्टीच्या आधीचा होता. लोक घड्याळाकडे बघत होते. मी आधी सगळं ठरवल्याप्रमाणे सांगितलं, किडा, प्रश्न, चक्री. चक्रीच्या चित्रफितीला लोक थोडे सावरून बसले. मग मी पहिल्या हिवाळ्याचे आकडे दाखवले. आणि मग म्हटलं की या आकड्यांवरून मी जे सांगणार होते ते सांगता येत नाही. गोंद फक्त एकाच गटाला लावला होता. गोंद लावलेले पण न उडवलेले नरही तसेच वागतात. म्हणजे उडण्याचा परिणाम मला अजून माहीत नाही. मी वरून काढलेला तो फोटो पुन्हा लावला होता. ठिपका पडद्यावर ताटाएवढा दिसत होता.

सभागृहात काही झालं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी नावंही ठेवली नाहीत. अध्यक्षांनी "प्रश्न?" असं विचारलं. मधल्या रांगेतले एक गृहस्थ उठले आणि गोंद कोणत्या दुकानातून घेतला ते विचारून बसले. बहुधा त्यांनाही काहीतरी चिकटवायचं होतं. मग सगळे जेवायला गेले. सर माझ्याजवळून जाताना "ठीक" म्हणाले.

आई मागच्या दाराशी थांबली होती. मी जवळ गेल्यावर तिने हळू आवाजात विचारलं, "बठ्ठा लोके चूप बठेल व्हतात. तुनी काही चूक झायी का?"

"हा. मनी चूक झायी व्हती. तीच सांगी दिधी."

"एवढा लोकेसमोर?"

"हा."

"मंग जेवनी का तू?"

आम्ही परिषदेचं जेवण घेतलं नाही. बाहेर पायऱ्यांवर बसून भाकरी खाल्ली. तिने फाइल उघडून कोरे कागद मोजले आणि हे पेन ठेवून घ्यायचं असतं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. तिची गाडी निघाली तेव्हा खिडकीतून तिने एवढंच सांगितलं की तुझा आवाज शेवटपर्यंत येत होता.

त्या वेळी मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. जळगावच्या बसमध्ये मी झोपले.

एप्रिलमध्ये पाळणघर मेलं. जळगावचा उन्हाळा, त्यात आठवडाभर विभागाचा कूलर बंद. मी रजेवर होते. नानांनी ओली पोती टाकून पाहिली, पण बरण्यांच्या तळाशी लाल थर साचला. पुन्हा सुरुवात करायची तर पुन्हा बोंडं फुटायची वाट बघायला हवी होती. जुलैत नाना निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना शाल-नारळ मिळाला. त्यांनी विभागाला जे दिलं ते कोणाच्या भाषणात आलं नाही. त्यांनी एकासारख्या एक आणखी तीन चक्र्या बनवून कपाटात ठेवल्या होत्या.

ऑक्टोबरमध्ये असोद्याला गेले तर अक्कांच्या शेतात केळी उभी होती. कपाशीचा कंटाळा आला म्हणाल्या. त्यांनी मला दिराच्या शेतात नेलं, तिथे बांधावर बसून राहिल्या आणि मी बरण्या भरेपर्यंत मागच्या वर्षीच्या प्रयोगाचं काय झालं ते विचारत राहिल्या. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग माह्यामुळं तुह्यं साल गेलं."

"तुमच्यामुळे वाचलं अक्का."

त्यांना हे पटलेलं दिसलं नाही. माझं एक वर्ष गेलं होतं हे खरंच होतं, आणि त्या व्यवहारी होत्या.

दुसऱ्या हिवाळ्यात मी गोंद सोडला आणि मधमाशीचं मेण घेतलं. सगळ्या नरांना सारखं लावलं, आणि लावल्यावर एक दिवस जाऊ दिला. आता दोन गट हवे होते, दोन्ही चक्रीवर लटकणारे, पण त्यातला एक न उडणारा. लटकवलेला नर उडतोच, त्याला थांबवायचं कसं हे मला कळत नव्हतं. उत्तर एका नराने दिलं. लटकवताना त्याच्या पायात रुईचा एक तंतू अडकला होता. त्याने तो सहा पायांनी धरला आणि पंख मिटून घेतले. मी फुंकर मारली तरी तो उडाला नाही. पायाखाली काहीतरी आहे एवढं त्याला पुरेसं होतं. पुढे मी वाचलं की हे आधीपासून माहीत आहे. पण त्या सकाळी ते मला नवं होतं. तेव्हापासून अर्ध्या नरांच्या पायात मी कापसाचा लहानसा बोळा द्यायचे. ते तासभर तो धरून बसायचे, उरलेले अर्धे तासभर उडायचे. वहीत मी त्यांना बसवलेले आणि उडवलेले असं लिहायला लागले.

फरक होता. पण पहिल्या वर्षीसारखा वहीतून उडी मारणारा नव्हता. उडवलेल्या नरांच्या जोड्या उशिरा लागायच्या. बसवलेले दुपारी लागले तर उडवलेले संध्याकाळी, काही दुसऱ्या सकाळी. मादी त्यांना झटकत नव्हती. तेच आधी डब्यात ठेवलेल्या सरकीकडे जायचे, बराच वेळ सोंड खुपसून बसायचे आणि मग तिच्याकडे वळायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही गट जवळजवळ सारखे झालेले असायचे. हे लक्षात आल्यावर मी काही डब्यांतून सरकी काढून घेतली. तिथे मात्र उडवलेले नर मागेच राहिले. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, त्यांच्यातले बरेच जोडीला लागलेच नाहीत. उपाशी बसवलेले नर लागत होते, उपाशी उडवलेले नव्हते.

म्हणजे उडणं नडत होतं, पण ते ज्या शेतात जाऊन उतरायचं तिथे काय आहे यावर अवलंबून होतं. मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्ची मागे सरकवून बसले आणि तासभर बोलले. कपाशी एका वेळी फुटत नाही, एक शेत संपतं तेव्हा दुसरं सुरू होतं, भुकेला नर उडाला नाही तर तिथेच मरतो आणि उडाला तर भरलेल्या शेतात पोचण्याची शक्यता असते. त्यांच्याजवळ एवढं बोलणं होतं हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

प्रबंध पूर्ण व्हायला आणखी दीड वर्ष लागलं. पहिल्या हिवाळ्याच्या चुकीसाठी मी एक वेगळं प्रकरण ठेवलं. सर म्हणाले परिशिष्टात टाक, मी म्हटलं नको, आणि त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

मौखिक परीक्षेला बाहेरून एक बाई आल्या होत्या. त्यांनी प्रबंध खरोखर वाचला होता, पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या. चाळीस मिनिटं त्या पद्धतीबद्दलच विचारत राहिल्या. बोळ्याचं वजन किती, मेणाचं किती, मादीचं वय कसं ठरवलं. शेवटी त्यांनी प्रबंध मिटला.

"म्हणजे पोटभर खायला असेल तर उडालेल्या नराचं काहीच बिघडत नाही?"

"उशीर होतो."

"बस? एवढंच?"

"मला एवढंच दिसलं," मी म्हटलं.

त्यांनी सरांकडे पाहिलं, सरांनी टेबलाकडे. मग त्यांनी कागदावर सही केली आणि कँटीन कुठे आहे ते विचारलं. पुढच्या जूनमध्ये मला चोपड्याला नोकरी लागली. तिथल्या कॉलेजात प्रयोगशाळा तळमजल्यावर होती आणि खिडकीतून सातपुडा दिसायचा. पहिल्या महिन्यात मी कपाटं झाडून घेतली आणि प्रात्यक्षिकाचं वेळापत्रक लावलं.